धोक्याच्या रंगांचा जमाखर्च

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आजच्या व्याख्यानाचा विषय प्रथमदर्शनी काहीसा तांत्रिक वाटण्याचा संभव आहे. सरकारे आणि लष्करे धोक्याची पातळी दाखवण्यासाठी रंगांचा वापर करतात. हिरवा, पिवळा, नारिंगी, तांबडा अशी एक चढती श्रेणी ठरवली जाते आणि आज देश कोणत्या रंगात आहे हे वरून जाहीर होते. या रंगांचा विचार पोलिसांनी करावा, सैनिकांनी करावा. अर्थशास्त्र शिकवण्यात हयात घालवलेल्या माणसाला आणि समाजवादी कार्यकर्त्यांना त्याच्याशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे की रंग बदलणे ही एक शासकीय कृती आहे. प्रत्येक शासकीय कृतीला खर्च असतो आणि तो कोणाला तरी सोसावा लागतो; तिच्यापासून लाभ होतो आणि तो कोणाच्या तरी पदरात पडतो. हा जमाखर्च मांडणे हे अर्थशास्त्राचे काम आहे, आणि तो जनतेपुढे ठेवणे हे आपल्या चळवळीचे.

तेव्हा धोक्याच्या कोणत्याही इशाऱ्याला आपण तीन प्रश्न विचारू. तो कोणी आणि कोणत्या कारणाने दिला? त्याची किंमत कोण मोजतो? आणि तो मागे केव्हा घेतला जाणार? ज्या इशाऱ्यासोबत या तिन्ही प्रश्नांची उत्तरे येतात तो नागरिकांच्या कामाचा असतो. ज्याच्यासोबत ती येत नाहीत तो क्रमाक्रमाने राज्यकर्त्यांच्याच कामाचा होऊन बसतो. आज मला एवढेच प्रतिपादन करायचे आहे. पुढचे सारे विवेचन त्याच्या पुष्ट्यर्थ आहे.

रंग आले कोठून?

रंगांनी इशारा देण्याची पद्धत लष्कराच्या आणि नागरी संरक्षणाच्या व्यवहारातून आली. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये शत्रूची विमाने येत असल्याची वर्दी दूरध्वनीवरून रंगांच्या नावांनी दिली जाई. 'पिवळा' हा प्राथमिक सावधगिरीचा संदेश होता. तो ठराविक कार्यालयांना आणि संस्थांनाच जाई, सर्वसामान्यांना त्याचा पत्ताही नसे. 'तांबडा' आला की भोंगे वाजत. 'हिरवा' म्हणजे विमाने निघून गेली, आणि 'पांढरा' म्हणजे इशारा पूर्णपणे रद्द. या व्यवस्थेतील दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. प्रत्येक रंगाला एक निश्चित कृती जोडलेली होती. आणि प्रत्येक इशाऱ्याला शेवट होता. कित्येकदा काही तासांतच 'पांढरा' येई.

अशा व्यवस्थेतही किमतीचा प्रश्न सुटला नव्हताच. १९४० च्या उन्हाळ्यात भोंगा वाजला की कारखान्यातील कामगार आसऱ्याच्या जागी जात. पण भोंगा मोठ्या टापूसाठी वाजे, बाँब मात्र त्यातल्या एखाद्याच ठिकाणी पडत. परिणामी ऐन युद्धात उत्पादनाचे तासच्या तास वाया जाऊ लागले. तेव्हा असे ठरले की भोंगा म्हणजे केवळ सावधगिरीची सूचना मानावी, कारखान्याच्या छपरावर टेहळे बसवावेत, आणि विमाने खरोखरच जवळ आल्याचे टेहळ्याने सांगितले म्हणजेच काम थांबवावे. सप्टेंबर १९४० मध्ये पंतप्रधान चर्चिल यांनी पार्लमेंटमध्ये याच विचाराचा पुरस्कार केला. सार्वत्रिक इशाऱ्याची किंमत मोठी असते, आणि धोक्याची माहिती जितकी स्थानिक व नेमकी तितकी ती स्वस्त आणि उपयुक्त ठरते, हा धडा ब्रिटनने बाँबवर्षावाखाली शिकून घेतला होता.

युद्धानंतर ही पद्धत लष्करी छावण्यांत आणि सरकारी इमारतींत राहिली. ब्रिटिश संरक्षण खात्याने १९७० साली 'बिकिनी स्थिती' या नावाची श्रेणी सुरू केली. पांढरा, काळा, काळा-विशेष, पिंगट आणि तांबडा असे तिचे टप्पे होते आणि चालू स्थितीची पाटी प्रवेशद्वाराशी लावलेली असे. छावणीतला रंग म्हणजे हुकमांच्या यादीचे संक्षिप्त नाव होय. अमुक रंग असला की इतके पहारेकरी, इतकी दारे बंद, इतक्या गाड्यांची तपासणी. शिपायाला त्या रंगाविषयी काही वाटण्याची गरज नसते. त्याने काय करायचे ते ठरलेले असते. हाच रंग छावणीच्या फाटकाबाहेर काढून सबंध राष्ट्रासमोर टांगला, तर मात्र त्याचे स्वरूप पालटते. नागरिकापाशी हुकमांची यादी नसते. त्याच्यापर्यंत पोहोचते ती फक्त भीती.

अमेरिकेचा पंचरंगी तक्ता

हा प्रयोग सर्वांत मोठ्या प्रमाणावर अमेरिकेत झाला. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर सहा महिन्यांनी, मार्च २००२ मध्ये, राष्ट्राध्यक्ष बुश यांच्या आदेशान्वये पाच रंगांची इशारा-व्यवस्था अस्तित्वात आली. टॉम रिज यांनी ती जाहीर केली. अंतर्गत सुरक्षेचे स्वतंत्र खाते स्थापन झाल्यावर तेच त्याचे पहिले मंत्री झाले. हिरवा म्हणजे धोका कमी, निळा म्हणजे सर्वसाधारण सावधगिरी, पिवळा म्हणजे धोका वाढलेला, नारिंगी म्हणजे धोका मोठा आणि तांबडा म्हणजे धोका अतितीव्र, असा क्रम होता. हा आदेश केंद्रीय खात्यांवर बंधनकारक होता. घटक राज्ये, शहरे आणि खाजगी उद्योग यांच्यासाठी तो ऐच्छिक होता.

तक्ता सुरू झाला तोच पिवळ्या रंगापासून. पुढे ही व्यवस्था नऊ वर्षे चालली. या नऊ वर्षांत सबंध देशासाठी हिरवा किंवा निळा रंग एकदाही जाहीर झाला नाही. तांबडा रंग एकदाच आला, तोही ऑगस्ट २००६ मध्ये, विमाने उडवून देण्याचा कट ब्रिटिश पोलिसांनी उघडकीस आणल्यावर, आणि केवळ ब्रिटनहून अमेरिकेला येणाऱ्या विमानांपुरता. त्याच वेळी विमानवाहतुकीसाठी जाहीर झालेला नारिंगी रंग २०११ साली व्यवस्था मोडीत निघेपर्यंत उतरलाच नाही. म्हणजे पाच पायऱ्यांच्या या जिन्यावर सरकार प्रत्यक्षात दोनच पायऱ्यांवर वरखाली करीत होते. ज्या मापकाचा काटा खालच्या अंकांना कधीच शिवत नाही, त्याला मापक म्हणणे कठीण आहे.

आणि नागरिकाने करायचे काय? फेब्रुवारी २००३ मध्ये नारिंगी रंग जाहीर झाला तेव्हा रासायनिक वा जैविक हल्ल्याच्या शक्यतेसाठी घरात प्लास्टिकच्या चादरी आणि चिकटपट्ट्यांची रिळे ठेवावीत, असा सल्ला सरकारी अधिकाऱ्यांनी दिला. दुकानांतील रिळे पाहता पाहता संपली. लोकांनी त्या सल्ल्याची यथेच्छ टिंगल केली. पण त्या टिंगलीच्या मुळाशी असलेली गोष्ट गंभीर होती. जगातील सर्वांत बलाढ्य राज्यसंस्था आपल्या नागरिकांना सांगत होती की धोका मोठा आहे. कोठे आहे, केव्हा आहे, कोणापासून आहे, हे सांगता येणार नाही. तुम्ही नेहमीचे व्यवहार चालू ठेवा, पण सावध असा. या उपदेशातून कृती निष्पन्न होत नाही. अस्वस्थता तेवढी होते.

चढणे सोपे, उतरणे कठीण

असे का घडावे? त्यासाठी सत्ताधाऱ्यांच्या अंगी विशेष दुष्टपणा मानण्याची आवश्यकता नाही. रंग ठरवणाऱ्या अधिकाऱ्याच्या खुर्चीत बसून हिशेब करून पाहा. त्याने रंग चढवला आणि काहीच घडले नाही, तर सावधगिरीमुळेच अनर्थ टळला असे म्हणता येते. ते खोटे ठरवण्याचा मार्ग कोणापाशी नसतो. त्याने रंग चढवला आणि हल्ला झाला, तर आम्ही बजावलेच होते असे म्हणता येते. त्याने रंग उतरवला आणि काही घडले नाही, तर त्याचे कौतुक कोणी करीत नाही. मात्र त्याने रंग उतरवला आणि दुसऱ्या दिवशी स्फोट झाला, तर त्याची कारकीर्द संपते. या चार शक्यतांपैकी भीतिदायक अशी एकच आहे, आणि ती उतरण्याच्या बाजूला आहे. मग प्रामाणिक, कर्तव्यदक्ष अधिकारीसुद्धा चढेल आणि चढलेलाच राहील.

लंडनचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. ब्रिटनमधील तज्ज्ञांनी मे २००५ अखेर धोक्याची अंतर्गत पातळी एका पायरीने खाली आणली. ७ जुलैला लंडनच्या भुयारी रेल्वेत आणि बसमध्ये स्फोट झाले. पार्लमेंटच्या गुप्तवार्ताविषयक समितीने पुढे चौकशी केली आणि पातळी खाली आणण्याचा निर्णय त्या वेळच्या माहितीवरून अवाजवी नव्हता असा निष्कर्ष काढला. परंतु जगभरच्या अधिकाऱ्यांनी त्यातून घेतलेला बोध वेगळा असणार हे उघड आहे. तो बोध असा, की खाली आणण्याच्या फंदात पडू नये. फ्रान्समध्ये 'व्हिजिपिरात' या सुरक्षा-योजनेला २००३ साली पिवळा, नारिंगी, तांबडा आणि किरमिजी असे रंग देण्यात आले. लंडनच्या स्फोटांनंतर जुलै २००५ मध्ये तेथे तांबडा रंग चढला आणि २०१४ साली रंगच रद्द होईपर्यंत तो तसाच राहिला. अपवादात्मक म्हणून आणलेली स्थिती जवळजवळ नऊ वर्षे टिकली आणि रेल्वे स्थानकांवर बंदुका घेऊन फिरणारे सैनिक नित्याच्या दृश्याचा भाग बनले.

आता किमतीचा प्रश्न. रंग बदलण्याचा निर्णय वॉशिंग्टनमध्ये होई. पोलिसांचा जादा कामाचा भत्ता, पुलांवरचे पहारे, बंदरांवरची तपासणी यांचा बोजा मुख्यत्वे शहरांवर आणि घटक राज्यांवर पडे. अमेरिकेच्या महापौर परिषदेने मार्च २००३ मध्ये, इराकयुद्ध सुरू असताना आणि नारिंगी रंग जाहीर झालेला असताना, जी पाहणी केली तिच्यानुसार शहरांचा जादा सुरक्षाखर्च आठवड्याला सुमारे ७ कोटी डॉलरच्या घरात जात होता. शहराच्या अंदाजपत्रकात हा पैसा आभाळातून पडत नाही. तो शाळा, दवाखाने, वाचनालये आणि रस्ते यांच्यासाठी असलेल्या तिजोरीतूनच येतो. निर्णय घेणारा एक आणि किंमत मोजणारा दुसरा असला की त्या वस्तूचा वापर गरजेपेक्षा अधिक होतो, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही शिकवावे लागते. धोक्याच्या इशाऱ्याला हा नियम जसाच्या तसा लागू पडतो.

याखेरीज एक किंमत पैशांत मोजता येत नाही. माणसाची सावधानता ही दुर्मीळ साधनसंपत्ती आहे. ती रोज खर्च केली तर ज्या दिवशी तिची खरी गरज पडते त्या दिवशी शिल्लक उरत नाही. 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्या गोष्टीत खोटी आरोळी ठोकणाऱ्या मुलालाच शेवटी नुकसान सोसावे लागते. राज्यव्यवहारात आरोळी ठोकणारा सुरक्षित राहतो आणि नुकसान गावाचे होते, हाच काय तो फरक.

भीतीचा राजकीय लाभांश

येथवर मी सद्‌हेतू गृहीत धरला. परंतु भीतीचा लाभ होतो हे एकदा कळले की त्या लाभाचा मोह राज्यकर्त्यांना होतो. रॉब विलर या समाजशास्त्रज्ञाने २००१ ते २००४ या काळातील सरकारी इशारे आणि जनमत चाचण्या यांची तुलना करून २००४ साली निष्कर्ष मांडला की प्रत्येक इशाऱ्यामागे राष्ट्राध्यक्षांची लोकप्रियता सरासरीने पावणेतीन टक्केगुणांनी वाढत होती. यापेक्षाही उद्‌बोधक गोष्ट पुढेच आहे. दहशतवादाशी ज्याचा सुतराम संबंध नाही अशा आर्थिक कारभाराबाबतही लोकांचे राष्ट्राध्यक्षांविषयीचे मत इशाऱ्यानंतर सुधारत असे. सीमेवरील वा विमानतळावरील भीतीमुळे बेकारीचा आणि वेतनाचा प्रश्न विचारण्याची लोकांची धार बोथट होते, याचा यापेक्षा स्वच्छ पुरावा कोणता हवा? अर्थात, लाभ झाला म्हणजे लाभासाठीच केले असे सिद्ध होत नाही. पण ज्या व्यवस्थेत हेतू तपासण्याची सोयच नाही, तेथे संशय घेणे हा नागरिकाचा हक्क ठरतो.

२००४ सालचा घटनाक्रम पाहा. १ ऑगस्ट रोजी न्यूयॉर्क, नेवार्क आणि वॉशिंग्टन येथील वित्तसंस्थांसाठी नारिंगी रंग जाहीर झाला. विरोधी पक्षाचे अधिवेशन संपून तीनच दिवस झाले होते. काही दिवसांतच बाहेर आले की ज्या टेहळणीच्या माहितीवर हा इशारा आधारलेला होता, तिच्यातील बराचसा भाग ११ सप्टेंबर २००१ च्या आधीचा होता. निवडणूक २ नोव्हेंबरला झाली. नारिंगी रंग १० नोव्हेंबरला उतरवण्यात आला. खुद्द टॉम रिज यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात लिहिले की निवडणुकीच्या तोंडावर काही ज्येष्ठ सहकाऱ्यांनी पातळी वाढवण्याचा आग्रह धरला होता, आणि हा आग्रह सुरक्षेसाठी आहे की राजकारणासाठी, अशी शंका आपल्या मनात आली होती. पातळी तेव्हा वाढवली गेली नाही. संबंधित सहकाऱ्यांच्या बाजूने या आरोपाचा इन्कारही झाला. परंतु रंग ठरवणाऱ्या मंत्र्यालाच जिथे हेतूची खात्री वाटेनाशी होते, तिथे रस्त्यावरच्या माणसाने विश्वास कशावर ठेवायचा?

जेव्हा रंग कायद्याची जागा घेतो

मित्रहो, या जमाखर्चातील सर्वांत मोठी रक्कम नागरी स्वातंत्र्याची आहे. जॉर्जिया राज्यातील कोलंबस शहराजवळ फोर्ट बेनिंग येथे एक लष्करी शाळा आहे. लॅटिन अमेरिकेतील लष्करी अधिकाऱ्यांना तेथे प्रशिक्षण दिले जाई, आणि त्यांपैकी अनेकांचे हात पुढे आपापल्या देशांतील जनतेच्या रक्ताने माखले. नोव्हेंबर १९८९ मध्ये एल साल्वादोरमध्ये सहा जेझुइट धर्मगुरू, त्यांच्याकडे काम करणारी स्त्री आणि तिची कोवळी मुलगी यांची सैनिकांनी हत्या केली. त्या स्मृतीसाठी आणि त्या शाळेच्या निषेधासाठी दर वर्षी नोव्हेंबरात हजारो लोक फाटकाबाहेर शांततेने जमत असत.

२००२ साली शहराने जाहीर केले की निदर्शनात भाग घेणाऱ्या प्रत्येकाची धातुशोधक यंत्राने तपासणी होईल. यामागच्या कारणांत एक कारण असे सांगितले गेले की देशातील धोक्याची पातळी पिवळी आहे. निदर्शक न्यायालयात गेले. ऑक्टोबर २००४ मध्ये तेथील अपील न्यायालयाने शहराविरुद्ध निकाल दिला. न्यायालयाच्या विवेचनाचा आशय असा होता : मागील तेरा वर्षांत या निदर्शनात एकही शस्त्र सापडलेले नाही. पिवळा रंग तर व्यवस्था सुरू झाल्यापासून जवळजवळ कायमच आहे. त्याच्या आधारे कोणत्याही विशिष्ट संशयाविना सरसकट झडतीची मुभा दिली तर झडतीविरुद्धचे घटनात्मक संरक्षण अनिश्चित काळासाठी गुंडाळून ठेवल्यासारखे होईल. दहशतवादाचा धोका शून्यावर येण्याची वाट पाहत स्वातंत्र्य स्थगित ठेवता येत नाही.

हा निकाल वाचताना आपल्या देशातील एक जुना निकाल आठवतो. ऑगस्ट १९६५ मध्ये पाटण्याच्या जिल्हा दंडाधिकाऱ्याने डॉ. राममनोहर लोहिया यांना भारत संरक्षण नियमांखाली स्थानबद्ध केले. नियमाला आवश्यक असलेले कारण 'सार्वजनिक सुव्यवस्था' हे होते. हुकमात मात्र 'कायदा व सुव्यवस्था' राखण्यासाठी असे शब्द होते. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर १९६५ मध्ये, पाकिस्तानशी युद्ध पेटलेले असताना, बहुमताने लोहियांची मुक्तता केली. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी तेव्हा एकात एक अशी तीन वर्तुळे कल्पिली. सर्वांत मोठे वर्तुळ कायदा व सुव्यवस्थेचे, त्याच्या आत सार्वजनिक सुव्यवस्थेचे, आणि सर्वांत लहान वर्तुळ राज्याच्या सुरक्षिततेचे. बाहेरच्या वर्तुळात घडलेली प्रत्येक गोष्ट आतल्या वर्तुळाला धोका पोहोचवतेच असे नाही. तेव्हा लहान वर्तुळासाठी दिलेला अधिकार मोठ्या वर्तुळात वापरता येणार नाही.

धोक्याच्या पातळ्या लावण्याचाच हा एक प्रकार आहे. फरक इतकाच की येथे पातळी वाढवण्याआधी कारण सिद्ध करावे लागते, आणि शब्द चुकला तरी माणूस सुटतो. रंगांच्या तक्त्यात ही तिन्ही वर्तुळे एकमेकांत मिसळून टाकली जातात. मोर्चा, संप आणि स्फोट हे सगळेच मग पिवळ्याच्या पोटात जाते.

धोका खरा असतो तेव्हा

यावर एक आक्षेप अपेक्षित आहे, आणि तो हलका नाही. धोका खोटा आहे काय? १९९३ चे बाँबस्फोट, २००६ चे लोकल गाड्यांतील स्फोट आणि २००८ चा नोव्हेंबर पाहिलेल्या महाराष्ट्रात कोणीही तसे म्हणणार नाही, आणि मीही म्हणत नाही. या हल्ल्यांत मेले त्यांत लोकलने घरी परतणारे चाकरमानी आणि छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गाडीची वाट पाहणारे गोरगरीब प्रवासी होते. त्यांच्या जिवाची राखण करणे हे राज्याचे आद्य कर्तव्य आहे.

परंतु नेमका २००८ चा अनुभव काय सांगतो? समुद्रमार्गे हल्ला होऊ शकतो अशा सूचना आधी येऊन गेल्या होत्या. त्या सूचनांवर जी सुसंगत कार्यवाही व्हायला हवी होती ती झाली नाही, हे राम प्रधान समितीच्या चौकशीतून पुढे आले. तेथे उणीव भासली ती आलेल्या माहितीवर कोणी, कोठे, काय करायचे या शिस्तीची. शस्त्रांची, बोटींची, प्रशिक्षणाची. एखादा तांबडा फलक मुंबईत टांगलेला असता तर त्याने ही उणीव भरून निघाली नसती. उलट आम्ही इशारा दिला होता, एवढे समाधान वरिष्ठांना लाभले असते. सर्वसाधारण इशारा हा पुष्कळदा विशिष्ट कर्तव्यातून सुटका करून घेण्याचा मार्ग असतो.

रंग उपयोगी पडूच शकत नाहीत असेही नाही. आपले हवामान खाते पावसासाठी हिरवा, पिवळा, नारिंगी आणि तांबडा हेच रंग वापरते. पण तो इशारा ठराविक जिल्ह्यासाठी असतो, ठराविक दिवसांसाठी असतो, आणि दुसऱ्या दिवशी पाऊस पडला की नाही हे शेंबडे पोरही सांगू शकते. अंदाज चुकला तर खात्यावर टीका होते आणि पद्धत सुधारावी लागते. तांबड्या इशाऱ्याने शाळा बंद राहतात, रोजंदारीवाल्याची मजुरी बुडते. ही किंमत मोठी आहे, पण ती कशासाठी मोजली हे त्याला कळते. पाऊस कोणाच्या बाजूने मतदान करीत नाही, हाही एक फायदाच आहे.

आपल्यासाठी बोध

दहशतवादाच्या धोक्यासाठी असा जाहीर रंगतक्ता आपल्या केंद्र सरकारने टांगलेला नाही. पण 'हाय अलर्ट' आणि 'रेड अलर्ट' हे शब्द आपल्या वर्तमानपत्रांत आणि दूरचित्रवाणीवर सदैव वावरत असतात. ते कोणत्या नियमाखाली जाहीर झाले आणि केव्हा संपले, हे विचारण्याची पद्धत नाही. त्यांची झळ मात्र लागते ती रस्त्यावरून उठवल्या जाणाऱ्या फेरीवाल्याला, ओळखपत्र दाखवू न शकणाऱ्या स्थलांतरित मजुराला, आणि केवळ नावावरून बाजूला काढल्या जाणाऱ्या प्रवाशाला.

चढलेला इशारा न उतरण्याचा अनुभव तर आपण अमेरिकेच्या कितीतरी आधी घेतला आहे. चीनच्या आक्रमणामुळे २६ ऑक्टोबर १९६२ रोजी आणीबाणी पुकारली गेली. महिन्याभरात लढाई थांबली. आणीबाणी उठली ती १० जानेवारी १९६८ रोजी. १९७१ च्या डिसेंबरात युद्धासाठी पुकारलेली आणीबाणी युद्ध दोन आठवड्यांत संपल्यावरही मार्च १९७७ पर्यंत चालू होती. तिच्यावरच जून १९७५ मध्ये 'अंतर्गत अशांतते'च्या नावाने दुसरी आणीबाणी चढवण्यात आली. त्या काळात आपले किती सहकारी तुरुंगात होते, हे या सभागृहात सांगण्याची गरज नाही.

पण आपण त्यातून काही शिकलोही. १९७८ सालच्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने 'अंतर्गत अशांतता' हे कशालाही लावता येणारे शब्द काढून 'सशस्त्र बंड' हे नेमके शब्द घातले. मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी हवा, संसदेची मान्यता महिन्याच्या आत हवी, ती एका वेळी सहा महिन्यांपुरतीच राहील, आणि लोकसभेच्या एकदशांश सदस्यांनी मागणी केल्यास आणीबाणी नामंजूर करण्याच्या ठरावासाठी खास बैठक बोलवावी लागेल, अशा तरतुदी झाल्या. मी सुरुवातीला मांडलेल्या तीन प्रश्नांपैकी दोन, म्हणजे कारण कोणते आणि शेवट केव्हा, हे भारतीय जनतेने राज्यघटनेतच लिहून ठेवले.

अमेरिकेलाही अखेर त्याच वाटेवर यावे लागले. जानेवारी २०११ मध्ये रंग मोडीत काढण्याची घोषणा झाली आणि एप्रिलपासून नवी व्यवस्था आली, जिच्यात प्रत्येक इशाऱ्यावर समाप्तीची तारीख घालावी लागते. जून २०२५ मध्ये इराणवरील हल्ल्यांनंतर निघालेल्या सूचनापत्रावर २२ सप्टेंबर २०२५ ही तारीख होती. तारीख आली म्हणजे सारे आलबेल झाले असे नव्हे. एक पत्रक संपताच दुसरे काढता येते, आणि मधल्या वर्षांत तसे झालेही आहे. तरीही दर वेळी नव्याने कारण द्यावे लागते, आणि जिथे कारण द्यावे लागते तिथे प्रश्न विचारता येतो.

तेव्हा आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. सुरक्षेचा कोणताही जाहीर इशारा कोणत्या अधिकाऱ्याने कोणत्या कायद्याखाली दिला हे प्रसिद्ध व्हावे. गुप्त राखायचे तेवढे गुप्त राखूनही कारणाचे स्थूल स्वरूप सांगितले जावे. त्याच्यावर समाप्तीची तारीख असावी आणि मुदत वाढवायची तर विधिमंडळाच्या समितीपुढे कारण मांडावे. इशाऱ्यामुळे नगरपालिकांवर आणि राज्यांवर पडणारा खर्च इशारा देणाऱ्या सरकारने उचलावा. एवढ्या एका तरतुदीने अनावश्यक इशारे आपोआप कमी होतील असा माझा कयास आहे. आणि सर्वसाधारण इशारा हा झडती, स्थानबद्धता किंवा सभाबंदी यांचे पुरेसे कारण मानला जाऊ नये.

या मागण्या मांडल्या की आपल्याला देशाच्या सुरक्षिततेची चाड नाही, असा आरोप होईल. तो १९६५ साली लोहियांवर झाला होता आणि १९७५ साली आपल्या सर्वांवर झाला होता. त्याला उत्तर एवढेच, की पहारेकऱ्याला हिशेब विचारणे म्हणजे पहारा मोडणे नव्हे. एवढे बोलून मी थांबतो.